साहेब, पाऊस बदललाय हे मान्य. मग भरावाला परवानगी कशी?

प्रति,
कृष्णा-पंचगंगा खोऱ्यातल्या पुराबाबत निर्णय घेणारे सर्व लोकप्रतिनिधी, अभियंते आणि अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी शिरोळ तालुक्यात, नदीपासून हाकेच्या अंतरावर, मोटर वाइंडिंगचं दुकान चालवतो. शेतीपंपाच्या जळलेल्या मोटरी भरून देणं हा धंदा. वडिलांनी १९८७ साली सुरू केला, माझ्याकडे येऊन बावीस वर्षं झाली. एक गोष्ट आधीच कबूल करतो, म्हणजे नंतर कुणी उकरून काढायला नको. पूर आला की माझा धंदा वाढतो. पाण्यात गेलेली मोटर शेवटी आमच्यासारख्याच्याच दारात येते. दुसरी कबुली अशी, की माझं दुकान निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे बांधकामाला मनाई असलेल्या पट्ट्यात आहे. वडिलांनी जागा घेतली तेव्हा रेषा आखलेली नव्हती, आणि आता ती जागा घ्यायला कुणी तयार नाही.

पत्र लिहायचं कारण गेल्या महिन्यातली बैठक. पावसाळ्याआधीच्या तयारीची असते ती. आमच्या भागातल्या एका शेतकऱ्यानं उठून विचारलं, “ओढ्यात भराव टाकून प्लॉट पाडलेत, त्याला परवानगी दिली कुणी?” व्यासपीठावरच्या साहेबांनी माइक जवळ ओढला आणि म्हणाले, हे सगळे जागतिक हवामान बदलाचे परिणाम आहेत, निसर्गापुढे आपण सगळेच हतबल आहोत. शेजारी बसलेल्या नेत्यांना ते पटलं नाही. ते म्हणाले, हवामान बदल वगैरे पुस्तकी गोष्टी, पूर आपल्या पणजोबांच्या काळीही यायचे. मग दोघांत दहा मिनिटं चांगली जुंपली. मागच्या खुर्च्यांवरचे लोकही दोन बाजूंना वाटले गेले. तेवढ्यात चहा आला. शेतकऱ्याचा प्रश्न राहूनच गेला.

त्या दिवसापासून डोक्यात एकच भुंगा आहे. दोन्ही साहेब एकमेकांविरुद्ध बोलत होते, पण दोघांच्या बोलण्याचा आम्हाला मिळणारा हिशेब एकच होता: आमचा काही संबंध नाही. एकानं पूर आभाळावर ढकलला, दुसऱ्यानं पणजोबांवर.

पणजोबांपासून सुरुवात करू, कारण नेते अगदीच चूक नव्हते. नदीकाठाला पूर नवा नाही. नृसिंहवाडीला पाणी चढून मंदिरात शिरतं, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं, त्या दक्षिणद्वार सोहळ्याला लहानपणी आजी आम्हाला ओढत न्यायची. पुराच्या पाण्यात स्नान करायला लोक लांबून येतात. नदी पात्राबाहेर आली म्हणजे संकट, असं आमच्याकडे कुणी मानत नव्हतं. मळीची जमीन त्याच गाळावर पिकते. आजोबा घराच्या पायरीशी काठी रोवायचे आणि रात्रीत पाणी किती बोटं चढलं ते सकाळी बघायचे. बोटं मोजायला वेळ मिळायचा, हे महत्त्वाचं. २०२१ च्या जुलैत मी तशीच काठी रोवली होती. जेवून बाहेर आलो तर काठी दिसेना.

वडिलांनी एक वही घातली होती, ती मी चालू ठेवली आहे. मोटर कुणाची, किती एचपी, बिघाड काय. पाण्यात बुडालेल्या मोटरीपुढे वडील “पा. गे.” लिहायचे, म्हणजे पाण्यात गेली. त्यांच्या जुन्या वह्यांत हे “पा. गे.” शोधावं लागतं. २००५ ची पानं त्यानं भरलेली आहेत. मग बरीच वर्षं तुरळक. २०१९ ला पुरासाठी वेगळी वही करावी लागली आणि दोनच वर्षांनी, २०२१ ला, पुन्हा. आता ही वही मी बैठकीत आपटून “हा बघा हवामान बदल” म्हणू शकलो असतो. पण तसं नाही म्हणता येत. काठावर मोटरीच पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त झाल्या आहेत, तेव्हा बुडणाऱ्याही वाढणारच. एका दुकानाची वही म्हणजे शास्त्र नव्हे.

शास्त्र आपल्या जवळच आहे, पुण्यात पाषाणला. तिथल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००६ साली १९५१ ते २००० या काळातल्या पावसाच्या नोंदी तपासून दाखवलं, की मध्य भारताच्या पट्ट्यात मुसळधार पावसाच्या घटना वाढल्या आणि मध्यम पावसाच्या कमी झाल्या. २०१७ साली याच संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० ते २०१५ च्या नोंदी घेतल्या. मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्याचं त्यांना दिसलं. एकूण पाऊस मात्र वाढलेला नाही. जो चार महिन्यांत सावकाश पडायचा तो आता थोड्या दिवसांत उरकतो. अरबी समुद्र तापला की बाष्प वाढतं, आणि हवा १ अंशानं तापली की साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. एवढं गणित मोटरीचा ॲम्पिअर काढणाऱ्या माणसालाही कळतं.

२२ जुलै २०२१ च्या २४ तासांत महाबळेश्वरला सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. आटपाडीला वर्षभरात पडत नाही एवढा, एका दिवसात. कृष्णा तिथूनच निघते. त्याच दिवशी घाटाच्या पलीकडे वाशिष्ठीनं चिपळूण बुडवलं आणि महाडजवळ तळिये गावावर डोंगर आला. या एका दिवसाच्या पावसावर बोट ठेवून “हा हवामान बदलच” असं मी सांगू शकत नाही. पण असे दिवस जास्त वेळा येणार, हे नाकारायला आता जागा उरलेली नाही.

म्हणजे साहेब जिंकले? थांबा. जगभरच्या शास्त्रज्ञांचा जो हवामानाचा मोठा अहवाल २०२१ साली आला, त्यात अतिवृष्टी वाढण्यामागे माणसानं केलेली तापमानवाढ आहे, हे बऱ्यापैकी खात्रीनं म्हटलं आहे. नद्यांच्या पुराबाबत मात्र त्यांनी तेवढ्या खात्रीनं बोलायचं टाळलं. कारण पाऊस आणि पूर यांच्या मध्ये बरंच काही असतं. धरण किती भरलेलं होतं, दरवाजा कधी उचलला, पुलाच्या कमानी किती, रस्त्याचा भराव किती उंच, ओढा उघडा की बुजलेला, जमीन आधीच भिजलेली होती का. तेव्हा साहेब पावसाबद्दल बरोबर होते. पुराबद्दल त्यांनी अर्धंच सांगितलं. आणि जे अर्धं राहिलं, ते तुमच्या सह्यांनी होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. हवामान बदललंय असं तुम्ही मानत असाल, तर पाणी आता जास्त येणार हे तुम्हाला माहीत होतं, मग त्याच्या वाटेत भराव घालू कसा दिला? आणि मानत नसाल, पाऊस पूर्वीइतकाच आहे म्हणत असाल, तर पूर्वी जिथे पाणी येत नव्हतं तिथे ते आता कुणामुळे येतं? दोन्हींपैकी कुठलीही बाजू घ्या, त्या शेतकऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर द्यावंच लागतं.

आता तक्रारी. जमेल तितक्या ओळीनं मांडतो.

पहिली पूररेषेची. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधकामाला मनाई, निळी ते लाल या पट्ट्यात अटी घालून. हे कागदावर ठीक आहे. पण ही भाषा लोकांना कुणी समजावून सांगितली आहे का? २०१९ साली सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, इकडे शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग जवळजवळ आठवडाभर बंद होता. तेव्हा माझ्या दुकानात बसून एक पाहुणे म्हणाले होते, “झालं, आता शंभर वर्षं बघायला नको.” २०२१ ला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ५६ फुटांच्या वर पाणी गेलं, तेव्हा हेच पाहुणे बैलगाडीत बसून सासुरवाडीला निघाले होते. त्यांना हसण्यात अर्थ नाही. “शंभर वर्षांत एकदा” असं म्हटल्यावर कुणीही तेच समजेल. खरा अर्थ असा की दर वर्षी शंभरात एक शक्यता, आणि ती दर वर्षी नव्यानं. निळ्या रेषेला दर वर्षी शंभरात चार. ३० वर्षांचं गृहकर्ज घेतलंत, तर तेवढ्या काळात निळ्या रेषेपर्यंत पाणी एकदा तरी येण्याची शक्यता शंभरात सत्तर होते, आणि लाल रेषेपर्यंत येण्याची चारात एक. प्लॉट विकणाऱ्याच्या फलकावर हे लिहायला लावा, मग बघू किती खपतात ते. शिवाय हे सगळे आकडे निघतात ते नदी आजवर जशी वागली तशीच पुढे वागेल असं धरून. पाऊस बदललाय हे व्यासपीठावरून सांगायचं आणि रेषा मात्र जुन्या पावसावर आखायची, हे कसं चालेल?

दुसरी तक्रार भरावाची. आमच्या गल्लीच्या मागून एक ओढा जायचा. मोठा नव्हता, उन्हाळ्यात त्यात आम्ही क्रिकेट खेळायचो. पण नदी चढली की शेतातलं पाणी त्यातून पसरायचं आणि नदी उतरली की त्यातूनच परत जायचं. आज तिथे मुरूम टाकून, दगडी कुंपण घालून, दोन फुटी नळ बसवलाय. २०२१ ला नदी उतरली तरी आमच्या गल्लीतलं पाणी आणखी दोन दिवस हललं नाही. पाणी आलं ते आभाळातून आलं असेल, साहेब, पण अडून राहिलं ते मुरमामुळे. मोठ्या रस्त्यांचंही तेच. भराव घालून रस्ता उंच केला की तो पुरात बंद पडत नाही, हे खरं. पण त्याच्या वरच्या अंगाला राहणाऱ्यांसाठी तो बंधारा होतो. खांबांवरचा रस्ता महाग पडतो म्हणतात. महाग कुणाला, हे प्रत्येक वेळी विचारायला हवं.

तिसरी तक्रार निरोपाची, आणि ही माझ्या धंद्याची म्हणून जरा सविस्तर सांगतो. नदीवरची १० एचपीची मोटर वर काढायची म्हणजे काय करावं लागतं, हे कुणी बघितलंय का? आधी लाइन बंद करून घ्यायची. पाइपचे बोल्ट गंजलेले असतात, ते अंधारात बॅटरी धरून खोलायचे. चार माणसं, चेनपुली, वर ट्रॅक्टर. पायाखाली चिखल. सगळं सुरळीत झालं तरी दोन तास. आणि आम्हाला मोबाइलवर निरोप काय येतो, तर “राजाराम बंधारा अमुक फूट, इशारा पातळी ३९, धोका पातळी ४३.” तो बंधारा कोल्हापूरला, आम्ही खाली संगमाजवळ, इथे कृष्णेचं पाणी वेगळंच चढत असतं. राजारामला ४५ झालं म्हणजे माझ्या पायरीला किती, आणि किती तासांनी? राधानगरी धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत, तळं भरलं की आपोआप उघडतात, त्यांना कुणाची परवानगी लागत नाही. ते उघडल्याचा निरोप रात्री दीडला आला, तर शेतकऱ्यानं माणसं कुठून आणायची? एका माणसानं २०१९ ला मोटर वाचवायला जाऊन हाताची दोन बोटं गमावली. तो आजही दुकानात येतो आणि पैसे डाव्या हातानं मोजतो. त्याच ऑगस्टमध्ये ब्रह्मनाळला उलटलेली बोट गाव सोडून निघालेल्यांची होती. निरोप म्हणजे आकडा पाठवला की काम झालं, असं नसतं.

चौथी नुकसानभरपाईची. २०१९ ला माझ्या दुकानात शेतकऱ्यांच्या ४२ मोटरी दुरुस्तीला होत्या. सगळ्या बुडाल्या. पाणी ओसरल्यावर शटर उचललं तर गुडघाभर गाळ, आणि त्यात मोटरी गाडलेल्या कंदांसारख्या. गाळ वाळायच्या आत धुवावा लागतो, नाहीतर तो वाइंडिंगमध्ये दगड होतो. आम्ही त्या एकेक करून धुतल्या, आत २०० वॅटचे बल्ब सोडून आठवडाभर वाळवल्या, मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं यंत्र, लावून बघितल्या. निम्म्याहून जास्त गेल्याच होत्या. पंचनाम्याला आलेल्या माणसानं विचारलं, मोटरी कुणाच्या? म्हटलं, शेतकऱ्यांच्या. मग त्या तुमच्या नुकसानीत धरता येत नाहीत. शेतकऱ्यांनी विचारलं, तर त्यांना उत्तर मिळालं, मोटर शेतावर नव्हती, मग शेतीच्या नुकसानीत कशी धरायची? ४२ मोटरी कुठल्याच रकान्यात बसल्या नाहीत. त्याच वर्षी घर दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्याखाली असेल तरच फुकट धान्य, अशीही अट निघाली होती. पुढे ओरड झाल्यावर सारवासारव झाली. पंचनाम्याला आलेल्या त्या माणसावर माझा राग नाही. त्यालाही छापील फॉर्म होता. तो फॉर्म ज्यांनी बनवला त्यांनी बुडालेलं दुकान कधी आतून पाहिलं नसावं.

पाचवी कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची, आणि ती थोडक्यात. पूर आला की अलमट्टीकडे बोट दाखवायचं आणि ओसरला की विसरायचं, असं दर वेळी चाललंय. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं त्या पुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नाही; अतिवृष्टी आणि नदीतल्या अतिक्रमणांकडे लक्ष वेधलं. बरं. पण आता त्या धरणाची पातळी ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत न्यायची गोष्ट आहे, तेव्हा पुढे फुगवटा, म्हणजे धरणामुळे तुंबून मागे चढणारं पाणी, कुठवर येईल हा वेगळा प्रश्न आहे, आणि जास्त पावसाच्या दिवसांत तो आणखी वेगळा. दोन राज्यांच्या भांडणात आम्हाला बाजू घ्यायची नाही. फुगवटा माझ्या उंबऱ्यापर्यंत येतो की नाही, एवढं आकड्यानिशी सांगा.

तेव्हा मागण्या अशा:

पूररेषेच्या नकाशावर, तो कोणत्या वर्षांच्या नोंदींवरून केला आणि पुढच्या पावसाची वाढ त्यात धरली की नाही, हे मराठीत छापा. दर पाच वर्षांनी तो पुन्हा तपासा.

निळ्या रेषेच्या आत गेल्या दहा वर्षांत दिलेल्या प्रत्येक भराव परवानगीची यादी, तारखेसह आणि सही करणाऱ्याच्या हुद्द्यासह, ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. आमच्या मागचा ओढा या पावसाळ्याआधी मोकळा करा. नळ नको, ओढा हवा.

धरणांत पावसाळ्याच्या कोणत्या तारखेला किती साठा ठेवायचा, ती परिचलन सूची आणि प्रत्यक्ष साठा, दोन्ही जून ते ऑक्टोबर रोज शेजारी शेजारी जाहीर करा. सूची मोडावी लागली, तर का मोडली ते एका ओळीत लिहा. अवघड दिवस असतात, चुका होतात, हे आम्हाला कळतं. लपवलेलं मात्र लक्षात राहतं.

प्रत्येक गावात पाण्याची खूण असलेले खांब उभे करा आणि निरोप त्या खांबाच्या भाषेत द्या: “उद्या दुपारी चारपर्यंत तुमच्या मारुतीच्या पाराला पाणी लागेल.” आणि तो मोटर काढायला दोन तास लागतात हे धरून, दिवसाउजेडी मिळेल असा पाठवा.

पंचनाम्याच्या फॉर्ममध्ये दुसऱ्याचा माल ठेवणाऱ्यांसाठी एक रकाना घाला. मीच नाही, शिंपी आहे, पिठाची गिरणी आहे, टीव्ही दुरुस्त करणारा आहे, सोनार आहे. सगळ्यांकडे गावाचं सामान असतं.

आणि आमच्यासारखे जे रेषेच्या आत अडकले आहेत, त्यांना बाहेर जागा द्यायची असेल तर गावाला लागून द्या. आठ किलोमीटरवरच्या माळावर दुकान नेलं तर तिथे मोटर घेऊन कोण येणार? वाइंडिंगवाला नदीजवळच लागतो.

दुकानाच्या भिंतीवर मी ऑइलपेंटनं तीन रेघा मारल्या आहेत. सगळ्यात वरची २०१९ ची, तिच्याखाली दोन-अडीच फुटांवर २०२१ ची, आणि तिच्या जरा खाली २००५ ची. तुमच्यापैकी कुणाला बघायच्या असतील तर या. वरच्या रेघेला हात पोहोचायला स्टूल लागतं, ते मी देईन.

उत्तर लेखी द्यावं, ही विनंती. बैठकीत नको. तिथे चहा येतो.

आपला नम्र,
मोटर वाइंडिंगवाला,
शिरोळ तालुका